हिरवा टन म्हणजे नेमकं काय?

चाऱ्याच्या पिकांची तुलना करणारे तक्ते तुम्ही पाहिले असतील. संकरित नेपिअर एकरी इतके टन, मका इतके, लसूणघास इतके. खर्चाला टनांनी भागायचं की किलोचा भाव निघतो आणि नेपिअर सर्वांत स्वस्त ठरतं. माझा आक्षेप आकड्यांवर नाही, एककावर आहे. एकक ठरलं की उत्तरही बहुतेक ठरून जातं.

आता बघा. या हिरव्या चाऱ्यात साधारण चार पंचमांश पाणीच असतं. समजा, वर्षाला एकरी नेपिअर ८० टन निघालं आणि घास ४० टन. पाणी वजा केलं की सुका भाग उरतो १६ टन आणि ८ टन. त्यात प्रथिनं नेपिअरची ८ ते ९ टक्के, घासाची २० टक्क्यांच्या आसपास धरू. म्हणजे नेपिअरमधून सुमारे १.४ टन प्रथिनं, घासातून १.६ टन. मग ती दुप्पट आघाडी गेली कुठे? शिवाय घासाच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात; नेपिअरला तो खतातून द्यावा लागतो.

म्हणून घासच श्रेष्ठ का? तसंही नाही. नुसता कोवळा घास घातला तर पोटफुगीची भीती, आणि पोट भरायला भरड चारा लागतोच. घास पेंडीचा खर्च वाचवतो, नेपिअर कडब्याचा. तुमच्या गोठ्यात काय विकत येतं, त्यावर उत्तर बदलतं.

आणि खुद्द कडबा? तो या तक्त्यांत सहसा नसतोच, कारण ज्वारी पडली 'धान्याचं' पीक! मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, घराला भाकरी देते आणि कडबा गंजीत उन्हाळाभर टिकतो. प्रथिनांत तो गरीब, हे खरं. पण मे महिन्यात विहिरीला तळ दिसत असेल, तर ८० टन आणायचे कुठून?

राहिला श्रम. हमीभावाच्या हिशेबात कृषी मूल्य आयोग घरच्या मजुरीचीही किंमत धरतो. चाऱ्याच्या तक्त्यात ती बहुधा शून्य असते. रोज विळा घेऊन वाकणारी घरची बाई त्या शून्यात आहे. तिची मजुरी धरली, तर एकदाच कापून मुरघास केलेला मका खरंच महाग पडतो का, हे पुन्हा मांडून बघावं लागेल.

तेव्हा असा तक्ता हातात आला की आधी तीन गोष्टी विचारा: टनात पाणी किती, मे महिन्यात विहिरीत किती, आणि रोज कापणार कोण. भाव त्यानंतर बघू.