वेदनेचे नाट्य आणि त्याचे प्रेक्षक

ज्या कुस्तीचा निकाल सलामी होण्यापूर्वीच ठरलेला असतो, तिला आपल्याकडे नुराकुस्ती म्हणतात, आणि या शब्दात तिरस्काराखेरीज दुसरा भाव सहसा नसतो. अमेरिकेत मात्र याच प्रकाराने एका स्वतंत्र लोकनाट्याचे रूप घेतले आहे. तेथील व्यावसायिक कुस्तीत मल्ल हा नट असतो. त्यास नाव, वेष व स्वभाव बहाल केलेला असतो. वैरे आणि सख्ये दूरचित्रवाणीवरून आठवड्यागणिक जुळतात व मोडतात. आणि प्रेक्षक हे सर्व जाणत असूनही त्यात रंगून जातो. तेव्हा ‘हे सारे खोटे’ एवढे म्हणून या प्रकाराची बोळवण करणे म्हणजे नाटकातला राजा खरा राजा नव्हे, अशी तक्रार करण्यासारखे होईल. आक्षेप घ्यावयाचाच तर तो निराळ्या ठिकाणी घ्यावा लागेल. आणि ते ठिकाण नेमके दाखविण्यास मिक फोली या मल्लाच्या कारकीर्दीइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

फोलीचा जन्म 1965 सालचा. डॉमिनिक डिनुची या जुन्या मल्लाकडे त्याने या विद्येचे शिक्षण घेतले आणि ‘कॅक्टस जॅक’ या नावाने तो पुढे आला. या व्यवसायात नायकास जे रेखीव शरीर लागते, ते त्यास लाभले नव्हते. अंगाने स्थूल आणि रूपाने ओबडधोबड अशा या मनुष्याजवळ दोन गोष्टी मात्र विपुल होत्या: मार सोसण्याची विलक्षण तयारी व बोलण्याची विलक्षण शक्ती. पहिलीने त्यास कीर्ती दिली; दुसरीचे मोल अद्याप पुरते झालेले नाही, असे आमचे मत आहे.

‘हार्डकोअर’ म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यात सर्व नियम गुंडाळून ठेवलेले असतात. लोखंडी घडीच्या खुर्च्या, काटेरी तारा, टेबले, ड्रॉइंग पिना यांपैकी काहीही शस्त्र म्हणून चालते. निकाल येथेही ठरलेलाच असतो. पण काटेरी तार अंगात शिरली म्हणजे येणारे रक्त ठरवून आणता येत नाही, ते येतेच. नाट्य कृत्रिम आणि जखम खरी, हा या प्रकारातील मूळ पेच होय. 1994 च्या मार्चमध्ये म्यूनिक येथे व्हेडर या मल्लाशी लढताना दोरांत मान अडकून फोलीच्या उजव्या कानाचा मोठा भाग तुटून गेला. तो प्रयोग दूरचित्रवाणीसाठी नव्हता. ज्या संस्थेत तो तेव्हा होता, तिने या घटनेचा कथानकात उपयोग करून घेतला नाही, याचे त्यास वैषम्य वाटले. या वैषम्यातच त्याच्या पुढील मार्गाची दिशा दिसते: गेलेला कान कथेत आला नाही तर तो व्यर्थ गेला, अशी ही दृष्टी आहे. 1995 च्या ऑगस्टमध्ये जपानातील कावासाकीच्या क्रीडांगणावर काटेरी तारांच्या व स्फोटांच्या साथीने झालेली ‘डेथ मॅच’ स्पर्धा त्याने जिंकली. अंतिम लढतीत त्याच्यासमोर टेरी फंक हा त्याचा वडीलधारा स्नेही होता, आणि दोघेही रक्तबंबाळ झाले.

यानंतर 1996 साली तो वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनमध्ये आला. तेथे त्यास चामड्याचा मुखवटा व ‘मॅनकाइंड’ हे नाव मिळाले. 28 जून 1998 रोजी पिट्सबर्ग येथे अंडरटेकरशी झालेली त्याची पिंजऱ्यातील लढत आजही या व्यवसायातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग मानली जाते. आरंभीच अंडरटेकरने त्यास सुमारे 16 फूट उंचीच्या पिंजऱ्याच्या छतावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकले. हे पडणे ठरलेले होते. स्ट्रेचरवरून नेत असता तो उठला व पुन्हा वर चढला. तेव्हा छताची जाळी तुटून तो आत आखाड्यात कोसळला, आणि हे पडणे ठरलेले नव्हते. मागोमाग पडलेली खुर्ची तोंडावर आपटून त्याचा दात निखळला. तरीही लढत शेवटास गेली. पुढच्याच जानेवारीत तो विजेतेपदाचा धनी झाला. तो सामना आधीच चित्रित केलेला असल्याने प्रतिस्पर्धी वाहिनीने त्याचा निकाल 4 जानेवारी 1999 रोजी उपहासाने आधीच सांगून टाकला. परंतु तो ऐकून त्यांचेच कित्येक प्रेक्षक फोलीचा विजय पाहण्यास दुसरीकडे गेले. या मनुष्याने मिळविलेले प्रेम खरे होते, यास हा एवढा पुरावा पुरे.

त्याच महिन्याच्या 24 तारखेस ॲनाहाइम येथे रॉक या मल्लाशी त्याचा सामना झाला. ‘मी हरलो’ असे ज्याच्या तोंडून वदविले जाईल तो पराभूत, अशी अट होती. हात पाठीमागे बेड्यांत असलेल्या फोलीच्या उघड्या मस्तकावर खुर्चीचे अकरा प्रहार झाले. ठरलेले यापेक्षा पुष्कळच कमी होते. अखेरीस तो निश्चेष्ट पडला असता त्याच्या पूर्वीच्या भाषणातील ते शब्द ध्वनिमुद्रणावरून वाजविण्यात आले. त्याची पत्नी व दोन लहान मुले पुढच्या रांगेत बसली होती. बॅरी ब्लॉस्टीन यांच्या ‘बियाँड द मॅट’ या 1999 च्या अनुबोधपटात त्या मुलांचा आक्रोश आपणांस दिसतो, आणि पुढे ते चित्रण पाहून खजील झालेला फोलीही दिसतो.

आपल्या साहित्यशास्त्राने भाव व रस यांत जो भेद केला आहे, तो येथे कामास येतो. रंगभूमीवरील शोक आस्वाद्य होतो, कारण तो कोणा एकाचा शोक राहत नाही. त्याचे साधारणीकरण झालेले असते. पुढच्या रांगेत रडणाऱ्या मुलांचा शोक मात्र त्यांचाच होता. तो पाहताच भयानक व करुण हे रस लोपतात आणि एका पित्यास मार बसत आहे एवढे लौकिक सत्य उरते. पिट्सबर्गच्या लढतीत निदान पडून पुन्हा उठणाऱ्या मनुष्याची एक कथा होती. ॲनाहाइमला अकरावा प्रहार दहाव्यापेक्षा अधिक काय सांगतो, याचे उत्तर मिळत नाही. जेथे कथा थांबते आणि मार चालू राहतो, तेथे कला संपली असे आम्ही समजतो.

खरे व खोटे यांची ही सरमिसळ किती महाग पडते, हे चारच महिन्यांनी दिसले. 23 मे 1999 रोजी कॅन्सस सिटी येथे त्याच संस्थेचा मल्ल ओवेन हार्ट छतावरून दोराने उतरत असता खाली पडून मृत्यू पावला. त्या वेळी समालोचक जिम रॉस यांस घरच्या प्रेक्षकांना मुद्दाम सांगावे लागले की, हा करमणुकीचा भाग नव्हे. पिट्सबर्गला फोलीच्या पतनावर ज्यांचा आवाज टिपेस गेला होता, तेच हे गृहस्थ. इतकेच नव्हे, तर तो कार्यक्रम पुढे चालूच राहिला.

यावर कोणी म्हणेल की, फोली स्वखुषीने हे करीत होता, त्याचे त्यास वेतन मिळत होते. मग प्रेक्षकाने आपणांस दोषी का मानावे? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. फोली कोणाचा बळी नव्हता आणि त्यास तसे लेखणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान होईल. परंतु त्याच्या संमतीने त्याचा प्रश्न सुटतो, आमचा सुटत नाही. या प्रकाराचा नियमच असा की, आज जे असामान्य ते उद्या किमान ठरते. आणि ही मागणी पुरविणारा एक असला तरी ती वाढविणारे हजारो असतात.

हे सत्य सर्वांत आधी व सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते स्वतः फोलीनेच, आणि त्यासाठी आम्हांस ॲनाहाइमच्या मागे, 1995 सालाकडे वळले पाहिजे. तेव्हा तो फिलाडेल्फियाच्या एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग या लहानशा, पण रक्तासाठी ख्यात असलेल्या संस्थेत होता. गर्दीतील एकाने एक फलक उंचावला. त्यावर फोलीच्या चिमुकल्या मुलास छडीने मारा, असे लिहिलेले होते. फोलीने ते शब्द उचलले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून प्रेक्षकांच्या क्रौर्याचा असा समाचार घेतला की, खलनायकाचे ते भाषण ऐकताना ऐकणाराच अपराधी ठरावा. त्यापुढे जाऊन, ज्यांना रक्त हवे होते त्यांच्यासमोर तो मुद्दाम संथ, कंटाळवाण्या पकडी करीत राही. रक्त नाकारणे हीच त्याने शिक्षा केली. आमच्या मते त्याच्या साऱ्या कारकीर्दीतील श्रेष्ठ कलाकृती ती हीच. तीत जखम एकही नव्हती, आणि प्रेक्षकास स्वतःचे मुख पाहावे लागले.

1999 साली त्याने आपले आत्मचरित्र कोणा लेखनिकाची मदत न घेता स्वहस्ते लिहिले, आणि ते न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत अग्रस्थानी गेले. त्याची शब्दशक्ती हा योगायोग नव्हता, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे 2010 साली त्या संस्थेने मस्तकावर खुर्ची मारण्यास बंदी घातली. म्हणजे ॲनाहाइमला जे टाळ्यांचे कारण झाले, ते अकरा वर्षांनी अनुचित ठरले. लोकांच्या स्मरणात मात्र 1998 चे ते पतनच राहिले आहे. फोलीने आपणांस 1995 सालीच विचारले होते की, तुम्हांस नेमके काय पाहावयाचे आहे? त्या प्रश्नाचे उत्तर न देता आपण त्याच्या पडण्याची आठवण जपली, आणि या कारकीर्दीचे मूल्यमापन करू पाहणाऱ्याने प्रथम या ऋणाची नोंद केली पाहिजे.