आवृत्तिक्रमांकातील संयोगचिन्ह : एका नियमपत्राचे परीक्षण

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीला क्रमांक देण्याची पद्धती जुनी आहे. त्या क्रमांकाला निश्चित अर्थ असावा, हा आग्रह मात्र त्या मानाने अलीकडचा. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सिद्ध केलेल्या ‘सिमँटिक व्हर्शनिंग’ या नियमपत्राने त्या आग्रहाला शास्त्राचे रूप दिले. त्याची २.०.० ही आवृत्ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीन अंकांपैकी पहिला वाढला तर जुन्या वापराशी असलेली सुसंगती मोडली, दुसरा वाढला तर ती न मोडता नवी भर पडली, तिसरा वाढला तर केवळ दोषदुरुस्ती झाली, असा त्याचा संकेत आहे. अर्थ क्रमांकातच वसतो, हे या नियमपत्राचे मूळ गृहीतक. ते कितपत टिकते, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

नियमपत्राचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. त्याची वाक्ये आटोपशीर व आज्ञार्थी आहेत, पाल्हाळ नाही. एकदा प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा आशय बदलता कामा नये, हा त्यातील दंडक तर इतका निरपवाद आहे की, पुनर्मुद्रणालाच ‘दुसरी आवृत्ती’ म्हणणाऱ्या आपल्या कित्येक प्रकाशकांनी तो अवश्य वाचावा.

अडचण उद्भवते ती संयोगचिन्हापाशी. या नियमपत्रानुसार ‘१.०.०-१’ ही ‘१.०.०’ च्या पूर्वीची, म्हणजे चाचणीची आवृत्ती होय. एनपीएम हे साधन हाच अर्थ घेते. परंतु पायथन भाषेच्या ‘पेप ४४०’ या नियमांत तीच अक्षरे ‘१.०.०’ च्या नंतरच्या दुरुस्त प्रकाशनाची निदर्शक ठरतात. मेव्हनही ती नंतरचीच मानतो. डेबियनमध्ये संयोगचिन्हापुढील अंक हा संवेष्टकाचा फेरा दाखवितो, आणि पूर्वत्व दाखवावयाचे झाल्यास तेथे लहरीचे निराळे चिन्ह योजावे लागते. चिन्ह एक, अंक एक. पण कोणी त्याला आधीचे म्हणतो, कोणी नंतरचे! अधिकचिन्हाचीही गत याहून फारशी बरी नाही. सिमँटिक व्हर्शनिंगमध्ये त्यापुढील मजकूर क्रमनिर्णयात धरावयाचाच नाही. पायथनमध्ये तो धरला जातो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पाठभेद जुळविण्यासाठी आमच्या विभागात तयार केलेल्या एका साधनाचा गणनेचा भाग पायथनमध्ये व दर्शनी भाग एनपीएमच्या आश्रयाने होता. दोहोंना एकच क्रमांक असावा, या सद्हेतूने चाचणीच्या प्रतीस ‘१.२.०-१’ हा क्रमांक दिला गेला. पुढे ‘१.२.०’ प्रसिद्ध झाली तेव्हा दर्शनी भाग यथास्थित बदलला. परंतु ज्यांच्याकडे चाचणीची प्रत होती त्यांच्या यंत्रांनी गणनेचा भाग बदलण्याचे नाकारले. त्यांच्या लेखी हाती असलेली प्रतच अधिक नवी होती. यंत्राने नियम चोख पाळला होता. विद्यार्थ्यांना मात्र काही आठवड्यांची जुळणी पुन्हा करावी लागली.

यावर नियमपत्राचा पुरस्कर्ता म्हणेल की, इतरांनी आपापले निराळे कायदे केले, त्यास नियमपत्र काय करणार? हा आक्षेप अंशतः रास्त आहे. पण मग अर्थ क्रमांकात नसून तो वाचणाऱ्या साधनात आहे, हे कबूल करावे लागते; आणि ‘सिमँटिक’ हे विशेषण तितक्या प्रमाणात सैल पडते. शिवाय, क्रमाविषयी एकमत असूनही निवडीविषयी मतभेद उरतोच. एकाच ग्रंथालयाच्या दोन आवृत्त्या परावलंबनाच्या साखळीत आल्या असता मेव्हन मुळापासून जवळ असलेली उचलतो, तर ग्रेडल स्वभावतः त्यांतील सर्वांत वरची. सुरक्षेची दुरुस्ती वरच्या आवृत्तीत असेल आणि जवळची आवृत्ती जुनी असेल, तर मेव्हनच्या बांधणीतून ती दुरुस्ती गाळली जाते. क्रमांकाने आपले काम प्रामाणिकपणे केलेले असते. त्याला विचारलेलेच नसते.

या दृष्टीने टायकोचा प्रयत्न अधिक विचारार्ह वाटतो. एक्लिप्सच्या जगात एकाच घटकावर मेव्हन आणि ओएसजीआय अशा दोघांची सत्ता चालते. मेव्हन ‘१.०.०-स्नॅपशॉट’ ही अपुरी प्रत समजतो. ओएसजीआयमध्ये संयोगचिन्हाऐवजी चौथा, बिंदूने जोडलेला घटक येतो, आणि तो असलेली आवृत्ती तो नसलेल्या आवृत्तीहून नेहमी वरची ठरते. तेथे ‘१.०.०.आरसी१’ ही उमेदवार प्रत ‘१.०.०’ च्या पुढे जाऊन बसते! टायको या दोन व्याकरणांना एक करू पाहत नाही. तो दोन्ही नोंदी एकाच आज्ञेने बदलतो आणि एकीच्या ‘स्नॅपशॉट’ ला दुसरीचा ‘क्वालिफायर’ प्रतिशब्द म्हणून ठेवतो. बांधणीच्या वेळी त्या जागी कालदर्शक अंक येतो. हे भाषांतर आहे, आणि भाषांतर म्हणूनच ते केले जाते. आमच्या साधनातही आता मूळ क्रमांक, त्याची अवस्था आणि फेरा या तीन गोष्टी एका नोंदीत पृथक् लिहिल्या जातात. तीतून पायथनसाठी ‘१.३.०आरसी१’ आणि एनपीएमसाठी ‘१.३.०-आरसी.१’ अशी दोन रूपे सिद्ध होतात. संयोगचिन्ह हाताने लिहिण्यास विभागात मनाई आहे.