गोदाकाठचा सिंह आणि एक राहून गेलेला प्रश्न

विषय प्रेमाचा आहे म्हटल्यावर आज मागच्या रांगाही भरल्या. ज्ञानमीमांसेवर बोललो होतो तेव्हा खुर्च्या मोजून घ्याव्या लागल्या होत्या. असो.

"बायका सरळ बोलत नाहीत आणि पुरुषांना आडून बोललेलं कळत नाही." लग्न जुळवणारी मंडळी हे सांगतात, डेटिंगचे सल्ले देणारे व्हिडिओही हेच सांगतात. जणू हा जन्मजात स्वभावच. तो तसा आहे का, हे तपासायला आपल्याला फार लांब जायला नको. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखला जाणारा 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली तो मराठी अनुवादासह संपादित केला. आपण नाशिककर जिला नुसतं 'गंगा' म्हणतो, ती गोदावरी या गाथांमध्ये 'गोला' होऊन येते.

त्यातली एक गाथा अशी. एका धार्मिक माणसाला कोणीतरी सांगतं, खुशाल हिंड बाबा, ते कुत्रं आज मेलं. गोदेकाठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहानं त्याला मारलं.

नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त हे उदाहरण घेतलं. शब्द म्हणतात 'हिंड', ध्वनी म्हणतो 'इकडे फिरकू नकोस'. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या झाडीत कशाला जाईल? पुढे महिमभट्टाने वाद घातला की हा ध्वनी नव्हे, हे अनुमान आहे. टीकाकारांनी प्रसंगही पुरवला: बोलणारी एक चतुर स्त्री, झाडीत तिचं प्रियकराला भेटायचं संकेतस्थळ, आणि तिथे फुलं तोडायला येणारा हा त्रासदायक गृहस्थ. (संकेतस्थळ हा शब्द आता आपण वेबसाइटसाठी वापरतो, आणि मुलं-मुली पहिल्यांदा भेटतात तीही तिथेच. शब्द फिरून घरी आला म्हणायचा.)

आता गाथेचे शब्द पुन्हा पाहा. त्यांत कुत्रं आहे, सिंह आहे, नदी आहे. प्रियकर नाही. बोलणारी स्त्री आहे, हेही कुठे म्हटलेलं नाही! आडून बोललेलं ऐकलं की बोलणारी बाईच असणार, हे परंपरेने धरून चाललं. आम्हीही तेच धरून वर्षानुवर्षं ही गाथा 'स्त्रीच्या चातुर्याचा नमुना' म्हणून शिकवली. मग एकदा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, तेव्हा तो कुठे होता?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. परंपरेचा प्रसंग मान्य केला तरी संकेतस्थळ दोघांचं आहे. ते राखायचं काम मात्र तिच्या एकटीचं. सापडली असती तर किंमतही तिनेच मोजली असती. म्हणजे आम्ही ज्याला चातुर्य म्हणत होतो, त्यात निम्मी भीती होती. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला चालला. शिक्षा तिलाच झाली, त्या मुलाच्या बापाला नाही. त्या प्रकरणाने पेटून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. तिथे आडून बोलणं नावालाही नाही, सगळं रोखठोक. तेव्हा 'स्वभाव' म्हणणाऱ्यांनी आधी ताराबाई वाचाव्यात.

आजही गंगापूर रोडवर संध्याकाळी उभे राहा. दुचाकीवर मागे बसलेल्या मुलीचा चेहरा ओढणीत गुंडाळलेला, फक्त डोळे दिसतात. पुढे बसलेल्या मुलाचं तोंड उघडं. ऊन असतं हे आम्हाला मान्य आहे. पण ऊन दोघांनाही लागतं ना?

आणखी एक गोष्ट आम्हाला खुपते. 'शब्द एक, अर्थ दुसरा' हे सूत्र शिकलेले लोक ते सोयीने वापरतात. सिनेमातला नायक मुलीच्या नकारात होकार ऐकतो आणि प्रेक्षक शिट्ट्या मारतात. आनंदवर्धनाच्या उदाहरणात नेमकं उलटं आहे. तिथे तोंडाने 'ये' म्हटलंय आणि ऐकणाऱ्याने 'नको' समजून घ्यायचं आहे. ध्वनी कळायला वक्ता कोण, प्रसंग कोणता, हे बघावं लागतं. ते न बघता आपल्या इच्छेलाच तिचा ध्वनी समजणं याला साहित्यशास्त्रात आधार नाही. कायद्यातही नाही: २०१३ च्या दुरुस्तीने संमती निःसंदिग्ध असावी असं म्हटलं, आणि अंगाने विरोध केला नाही म्हणजे संमती दिली असं धरता येणार नाही, हेही स्पष्ट केलं.

त्या विद्यार्थिनीचा प्रश्न तेव्हा आम्ही 'अभ्यासक्रमाबाहेरचा' म्हणून टाळला होता. तास संपायला दहा मिनिटं बाकी होती.