मानसिक आरोग्य व्यावसायिकांचे नैतिक नियमन : भारतीय कायद्यांची चिकित्सा

प्रस्तावना :
मानसोपचारात व्यक्ती आपले सर्वांत खासगी आयुष्य एका परक्या माणसापुढे उघड करते. हा विश्वास मोडल्यास दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रशासकीय राहत नाही. प्रस्तुत लेखात भारतातील नियामक व्यवस्थेचा या दृष्टीने विचार केला आहे.

नियमनाचे स्वरूप :
भारतात या क्षेत्रासाठी एकच परवाना मंडळ नाही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असल्याने तो राज्य वैद्यकीय परिषद व राष्ट्रीय वैद्यकीय आयोग यांच्या अखत्यारीत येतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये होते. व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल नोंदवहीतून नाव वगळण्याचा अधिकार या परिषदेस आहे. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांच्यासाठी २०२१ चा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला.

मर्यादा :
या रचनेचा मूलभूत दोष असा की, ती कृतीपेक्षा पदवीकडे पाहते. लैंगिक कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांचे उदाहरण येथे बोलके आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्य वैद्यकीय परिषदांना कळविले. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु ते डॉक्टरांपुरतेच आहे. तीच कृती समुपदेशकाने केल्यास ती या आयोगाच्या कक्षेबाहेर राहते. इजा मात्र तीच असते.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चे कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस गोपनीयतेचा हक्क देते. तथापि, आजाराची व्याख्या विचार, भावस्थिती इत्यादींतील गंभीर बिघाडापुरती सीमित आहे. परीक्षेच्या ताणाने वा घरातील कलहाने व्यथित होऊन महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात येणारा विद्यार्थी या व्याख्येत बसेलच असे नाही. त्याचे बोलणे प्राचार्यांपर्यंत वा पालकांपर्यंत पोहोचल्यास त्याला आधार कशाचा?

तिसरी मर्यादा अशी की, शिस्तभंगाची कारवाई बहुधा तक्रारीवर अवलंबून असते. तक्रार करावयाची तर जे लपवावेसे वाटते तेच पुन्हा सांगावे लागते. सामाजिक कलंकाच्या भीतीने अनेकांना मौनच सोयीचे वाटणे स्वाभाविक आहे.

निष्कर्ष :
नोंदवही ही नैतिकतेची हमी नव्हे. ती उत्तरदायित्वाची पहिली पायरी होय. व्यावसायिकाची पदवी कोणतीही असो, तक्रारीसाठी एकच खिडकी, तक्रारदाराच्या ओळखीचे संरक्षण आणि सर्वांना लागू होणारी किमान आचारसंहिता या तीन गोष्टी आवश्यक ठरतात. कायदा तेथवर पोहोचेपर्यंत महाविद्यालयांनी आपल्या समुपदेशन कक्षासाठी गोपनीयतेचे लेखी नियम करावेत. विद्यार्थ्याने दार ठोठावण्यापूर्वीच ते त्याला ठाऊक असले पाहिजेत.