सहलीची पुस्तके आणि धबधब्याचे पाणी

आषाढ लागला की आमच्या ग्रंथालयातील प्रवासवर्णनांच्या कपाटातली खालची फळी रिकामी होऊ लागते. एक दिवसाच्या सहलींची, शनिवार-रविवारच्या भटकंतीची, धबधब्यांची आणि किल्ल्यांची पुस्तके या फळीवर आहेत. एरवी ती कोणी मागत नाही. पावसाळ्यात मात्र त्यांच्यासाठी नावे नोंदवून ठेवावी लागतात. यंदा त्यांतली दहा-बारा पुस्तके मी एकामागून एक वाचून काढली. समीक्षा या लेखनाकडे सहसा फिरकत नाही, आणि त्यातील बरेचसे वाचल्यावर ती का फिरकत नाही हेही कळते. तरीही त्याविषयी लिहावेसे वाटले, कारण ही पुस्तके वाचून माणसे खरोखरच घराबाहेर पडतात. कादंबरीतले वर्णन फसले तर वाचकाचा एखादा तास वाया जातो. धबधब्याचे वर्णन फसले तर काय होऊ शकते, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.

१७ जुलै २०११ हा रविवार होता. पातालपानीच्या धबधब्यावर सहलीला आलेल्या एका कुटुंबातली माणसे प्रवाहाच्या मधोमध अडकली. पाणी चढत गेले आणि काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत ती कड्यावरून वाहून गेली. त्यांतल्या काहींचे प्राण गेले. ते दृश्य कोणी तरी टिपले होते आणि पुढे कित्येक दिवस ते दूरचित्रवाणीवर दाखवले जात होते. ते आठवले की आजही अंगावर काटा येतो.

या फळीवरच्या एका पुस्तकात माळव्यासाठी म्हणून एक लहानसे प्रकरण आहे. मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर आणि पातालपानी यांची सांगड त्यात घातली आहे आणि पातालपानीच्या वाट्याला जेमतेम दीड पान आले आहे. त्या दीड पानात धबधबा निसर्गरम्य आहे, नयनमनोहर आहे, दुधासारखा शुभ्र आहे, आणि अर्थातच मनाला भुरळ घालणारा आहे. इंदूरहून कसे जावे आणि बरोबर शिदोरी का न्यावी हेही आहे. पाणी मात्र त्यात नाही. म्हणजे ते कुठून येते, केव्हा वाढते आणि वाढताना कसे दिसते यांपैकी काहीच नाही.

पातालपानीला पडते ते चोरल नदीचे पाणी. माळव्याचे पठार विंध्याच्या कड्यापाशी एकाएकी संपते आणि नदी सुमारे तीनशे फूट खाली उडी घेऊन नर्मदेच्या दिशेने निघते. तिचे पाणलोटाचे क्षेत्र वर, आपल्या पाठीमागे असते. तिकडे जोराचा पाऊस झाला तर इथे लख्ख ऊन असतानाही पाणी चढते. खडक काळा आणि कठीण असल्याने मोठ्या सरीचे पाणी मुरायला सवड मिळत नाही, ते सरळ ओढ्यात उतरते. चढण्यापूर्वी पाणी गढुळते, त्यात काड्या आणि पाने दिसू लागतात, आवाज जड होतो. गुराख्याला हे ठाऊक असते. शहरातून आलेल्या माणसाला ते कोणी तरी सांगावे लागते, आणि सांगण्याची जागा पुस्तक हीच आहे.

इथे प्रश्न केवळ सावधगिरीच्या सूचनेचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. चौकटीत एक इशारा छापून भागले असते. प्रश्न भाषेचा आहे. ‘दुधासारखे शुभ्र’ ही उपमा वर्षानुवर्षे इतकी घासली गेली आहे की धबधबा म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे पांढरे पाणी उभे राहते. धोक्याच्या क्षणी पाणी पांढरे नसते, चहाच्या रंगाचे असते. उपमेने ज्याची नजर आधीच भरून टाकली आहे त्याला तो रंग दिसला तरी त्याचा अर्थ लागत नाही. काव्यात जी उपमा फक्त शिळी ठरली असती ती इथे दिशाभूल करते. झिजलेल्या शब्दांबद्दल आपण नेहमी अभिरुचीच्या अंगाने तक्रार करतो. त्यांची एवढी मोठी किंमत दुसऱ्या कोणत्या लेखनात मोजावी लागत असेल असे वाटत नाही.

ही शब्दकळा माळव्यात घडलेली नाही. मराठी सहलीचे पुस्तक मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान जन्मले, आणि आपण बृहन्महाराष्ट्रातले वाचक-लेखक ते आहे तसे उचलून आपल्या डोंगरांना लावतो. योगायोग असा की खडक तिथेही तोच आहे. सह्याद्रीचा आणि माळव्याच्या पठाराचा काळा पाषाण एकाच ज्वालामुखी उद्रेकांतून आलेला. पाणी तिथेही तसेच चढते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, आणि तोही रविवारच होता. जे लेखन मुंबई-पुण्याच्या वाचकाला तिथल्या पाण्याविषयी सांगू शकले नाही, ते आम्हाला इथल्या पाण्याविषयी काय सांगणार?

तथापि सगळी फळी एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’सारखे पुस्तक हाती घेतले की आपण दुसऱ्याच प्रदेशात येतो. वाट कुठून निघते, कुठे फुटते, पिण्याचे पाणी कुठे आहे, मुक्कामाला जागा कोणती, अशी माहिती आणि तिच्या जोडीला नकाशे. साहित्यिक मंडळी अशा पुस्तकाला ‘माहितीपर’ म्हणून बाजूला सारतात. मला मात्र त्यातल्या कोरड्या वाक्यांत शैलीचा एक गुण दिसतो. लेखक स्वतः त्या वाटेने चालून गेला आहे आणि मागून येणाऱ्याची त्याला काळजी आहे, हे त्या वाक्यांना सांगावे लागत नाही. मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे लेखन एकदा मुद्दाम वाचावे. (स. आ. जोगळेकरांचा १९५२ सालचा ‘सह्याद्रि’ हा ग्रंथ याच घराण्यातला थोरला. पण तो पाठीवरच्या पिशवीत मावणारा नाही, आणि त्याचा विचार स्वतंत्रपणेच करायला हवा.)

पाळंद्यांच्या पुस्तकाला एक मर्यादा आहे आणि ती त्यांनी स्वतःच पत्करलेली आहे. वाटेवर भेटणारा माणूस त्यात वाट सांगण्यापुरता येतो. तो तिथे राहतो कसा, आपण रविवारी संध्याकाळी परतल्यावर त्याचा सोमवार कसा उजाडतो, हा त्या पुस्तकाचा विषय नव्हे. त्यासाठी गो. नी. दांडेकरांकडे जावे लागते.

गोनीदांचे नाव घेतले की लोकांना ‘दुर्गभ्रमणगाथा’ आठवते, आणि आजच्या सहललेखकांनी तिचाच कित्ता गिरवला आहे. दुर्दैवाने त्यांनी गोनीदांचा गहिवर घेतला आणि पायपीट सोडून दिली. गोनीदा एकाच गडावर पुन्हा पुन्हा जात, वेगवेगळ्या ऋतूंत जात, तिथल्या माणसांच्या घरी राहत. त्यांचा गहिवर त्या जाण्यायेण्यातून मुरलेला आहे. एका रविवारी चढून त्याच रविवारी उतरलेल्या लेखकाने तोच स्वर लावला की तो उसना वाटतो. गोनीदांच्या दुर्गलेखनातही इतिहासाची भक्ती कधी कधी समोरच्या डोंगरावर सावली धरते, हेही म्हटले पाहिजे. या विषयाशी मला त्यांचे अधिक जवळचे वाटते ते दुसरे पुस्तक, ‘माचीवरला बुधा’.

राजमाची आज मुंबई-पुणेकरांच्या सुट्टीतल्या ठिकाणांत अगदी वर आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधली माची, मावसाळी दिवसांतले काजवे. पावसाआधीच्या शनिवारी तिथे जत्रा लोटते. या माचीवर गोनीदांनी एक म्हातारा आणून बसवला. तो मुंबई सोडून येतो. सहलीचे पुस्तक आणि ही कादंबरी यांच्यात हा दिशेचा फरक आहे. सहलीला आलेला माणूस शहराचा शीण घालवायला माचीवर जातो आणि शहर त्याची वाट पाहत असते. बुधा शहराला पाठ दाखवून घरी येतो. वाट तीच, डोंगर तोच, पण बुधाला पाऊस, झाडे आणि पाखरे ‘पाहायची’ नसतात, त्यांच्यासोबत दिवस काढायचे असतात. त्यामुळे वर्णनाची जातच बदलते. पाऊस किती सुंदर याच्याआधी पाऊस आला की काय करावे लागते हे येते. राजमाचीला जाणाऱ्याच्या हाती एकच पुस्तक द्यायचे असेल तर मी ही कादंबरी देईन, आणि वाटेच्या माहितीसाठी पाळंदे. ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मध्ये गोनीदा आपल्या नर्मदेच्या काठाकाठानेही चालून गेले आहेत, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नकोच.

आणखी एक पुस्तक मी या फळीवर ठेवीन. ग्रंथपाल ते समाजशास्त्राच्या कपाटातून इकडे हलवू देणार नाहीत, हा भाग वेगळा. ना. गो. चापेकर यांचा ‘बदलापूर’ १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हा बडोदेकरांना तरी हे नाव परके वाटू नये. आज बदलापूर मुंबईच्या लोकलगाडीचे स्थानक आहे. पावसाळ्यात तिथे उतरून कोंडेश्वरच्या धबधब्याकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. चापेकरांनी त्या गावी काय मोजले नाही? घरे, जाती, शेती, खाणेपिणे, चालीरीती, बोलण्यातले शब्द. एका गावाची एवढी बारकाईने केलेली नोंद मराठीत त्यापूर्वी झाली नव्हती असे म्हणायला हरकत नाही. चापेकरांना देखावे रंगवता येत नव्हते, आणि त्यांनी तो प्रयत्नही केला नाही. पण कोंडेश्वरला निघालेल्याने त्यातली चार पाने चाळली तर गाडीतून उतरल्यावर आपण कोणाच्या तरी गावात पाऊल टाकले आहे एवढे तरी त्याच्या ध्यानात राहील.

यावर असे म्हटले जाईल की सहलीचे पुस्तक हलकेफुलकेच असायचे. आठवडाभर कचेरीत पिचलेल्या माणसाने रविवारीही समाजशास्त्र का वाचावे? म्हणणे खरे आहे. त्या माणसाचा रविवार मला हिरावून घ्यायचा नाही, मी स्वतः तोच माणूस आहे. हलकेपणाला माझा आक्षेप नाही, बेफिकिरीला आहे. हलक्या हाताने लिहिलेले वाक्यही खरे असू शकते.

पुन्हा पातालपानीकडे येतो, कारण आपल्या परिसराचे आपण काय केले हे मला अधिक खुपते. लहानपणी आम्ही तिथे महूहून छोट्या गाडीने जात असू. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, त्यातून इंदूरला आलेला हा लोहमार्ग. पातालपानी आणि कालाकुंड यांच्यामधल्या घाटाची चढण एवढी तीव्र की कालाकुंडला गाडीच्या मागे आणखी एक इंजिन जोडावे लागे, आणि ते जोडेपर्यंत फलाटावर पानात बांधलेला कलाकंद खाऊन होई. घाटात तंट्या भिल्लाचे देऊळ आहे. तिथे गाडी क्षणभर थांबायची, चालक हात जोडायचा, मगच गाडी पुढे निघायची. तंट्याला १८८९ साली जबलपूरला फाशी दिले गेले, आणि त्याचा देह इथे रुळाशी आणून टाकला अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. मराठी वाङ्मय या घाटात आलेलेच नाही असे नाही. बाबा भांड यांनी ‘तंट्या’ ही कादंबरी लिहिली. पण ते आले मराठवाड्यातून. शंभर-दीडशे वर्षे इंदुरात मराठी बोलणाऱ्या, दर पावसाळ्यात डबे घेऊन पातालपानीला जाणाऱ्या आपल्यापैकी कोणाला त्या देवळावर अर्धे पानही लिहावेसे वाटले नाही काय? जानापावच्या टेकडीवरून साडेसात नद्या निघतात असे इथली परंपरा सांगते. ती अर्धी नदी कोणती हे विचारायला तरी कोणी वर चढून गेले काय? आपण मांडूला रूपमती शोधतो, महेश्वरला अहिल्याबाईंना हात जोडतो आणि घरी येऊन राजगडाचे पुस्तक वाचतो.

२०१८ च्या डिसेंबरात त्या घाटातून सहलीसाठी वारसा-गाडी सुरू झाली. नेहमीची छोटी गाडी मात्र मोठ्या रुळांच्या कामासाठी बंद झाली. नवे लोक येतात, छायाचित्रे घेतात, जातात. त्यांच्या हाती देण्यासारखे मराठी पुस्तक अजून नाही.

मघाशी ज्या पुस्तकातल्या दीड पानाविषयी लिहिले, ते परत करताना माझे लक्ष समासाकडे गेले. कोणा वाचकाने पेन्सिलीने, बऱ्याच जुन्या वळणाच्या अक्षरात, ‘दुधासारखा शुभ्र’च्या शेजारी लिहून ठेवले आहे : ‘मधल्या खडकावर जाऊ नये. वर पाऊस झाला तर इथे कळत नाही.’ पुस्तकात लिहिणाऱ्यांना आमच्याकडे दंड आहे. ग्रंथपालांना मी ते दाखवले. त्यांनी वाचले, पुस्तक मिटले आणि खोडरबर न मागता ते फळीवर ठेवून दिले.