सिंह, राजा आणि गुजराती ओळ

जुन्या आफ्रिकी नोटा जमवणाऱ्यांना एक सवय असते. नोट हाती आली की ती आधी पालथी करायची, कारण चित्र बहुधा मागे असते. हत्ती, धरण, कापसाचे शेत, झैरच्या नोटेवर मोबुटूंची बिबळ्याच्या कातड्याची टोपी. मीही बरीच वर्षे हेच केले. ईस्ट आफ्रिकन करन्सी बोर्डाच्या, सहाव्या जॉर्जच्या काळातल्या नोटा माझ्या वहीत 'सिंह' या खुणेखाली लावलेल्या होत्या. पुढे राजा, मागे सिंह. अर्थ उघड होता. सत्ता आणि शिकार.

हा अर्थ चुकीचा नाही, पण तो नोट जिथे छापली गेली त्या लंडनचा आहे. ती जिथे चालली तिथला नाही. हे मला कळले ते नौपाड्यात, आमच्याच इमारतीत. मोम्बासात जन्मलेले, तरुणपणी इकडे आलेले एक गुजराती गृहस्थ शेजारी होते. वडिलांचे तिकडे किराणा दुकान होते. एकदा त्यांना मी दहा शिलिंगांची नोट दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला, नोट डोळ्यांजवळ नेली आणि तिच्यावरची बारीक गुजराती ओळ मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "भाऊ, हे तर आपलेच अक्षर." मी सिंहाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी नोट उलटून पाहिली आणि हसले. लहानपणी गल्ल्यात रोज पाहिलेल्या त्या नोटेवर सिंह होता हे त्यांना आठवतच नव्हते.

त्या दिवसापासून मी नोटेवरची चित्रे नंतर पाहतो. आधी लिप्या पाहतो.

करन्सी बोर्डाच्या या नोटांवर रक्कम तीन लिप्यांत असे: इंग्रजी, अरबी आणि गुजराती. संग्राहकांच्या सूचीत याला अर्धी ओळ मिळते, चित्राला दोन. माझ्या मते हे प्रमाण उलटे हवे. गुजराती तिथे का आली, याचे उत्तर रुपयात आहे. युगांडा रेल्वे (१८९६ ते १९०१) बांधली गेली तेव्हा त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी रुपयाच चालत होता. १९०५ मध्ये ईस्ट आफ्रिका प्रोटेक्टोरेटने मोम्बासातून काढलेल्या नोटा रुपयांच्या होत्या. १९०८ साली झांझिबार सरकारने काढलेल्याही रुपयांच्याच. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली आणि एक शिलिंग चार पेन्सांचा रुपया दोन शिलिंगांच्या वर गेला. गोऱ्या मळेवाल्यांची कर्जे रुपयांत आणि मालाची विक्री पौंडांत, त्यामुळे कर्ज बसल्या जागी फुगू लागले. त्यांनी ओरड केली. १९२० मध्ये फ्लोरिन आला आणि दोन वर्षांत त्याच्या जागी शिलिंग. रुपया गेला, पण दुकानदार तिथेच होते, आणि त्यांची अक्षरे नोटेवर राहिली.

इथे आपल्याकडच्या माणसाची छाती जरा फुगते. माझीही फुगली होती. पाच हजार किलोमीटरांवरच्या नोटेवर भारतीय लिपी! नाण्या-नोटांवरच्या आपल्या मराठी लेखनात हा सूर नेहमी ऐकू येतो: अमुक देशाच्या चलनावर आपला ठसा, तमुक देशाच्या नोटेवर आपली देवता. या सुराशी माझे भांडण आहे. तीच नोट पुन्हा हातात घ्यावी आणि तिच्यावर काय नाही ते पाहावे. किकुयू नाही. लुगांडा नाही. ज्या माणसाने ती नोट मजुरी म्हणून घेतली आणि झोपडीकर म्हणून सरकारला परत दिली, त्याच्यासाठी बहुतेक भागांत तिच्यावर एकही ओळ नव्हती. गुजराती ओळ हा सन्मान नव्हता, ती हिशेबाची सोय होती. नोट पारखून घेणारा कोण, हे लंडनच्या बोर्डाला पक्के ठाऊक होते: बँकेतला साहेब, किनाऱ्यावरचा व्यापारी, आणि आतल्या गावातला दुकानवाला. शेजारच्या त्या गृहस्थांना ओळ वाचताना झालेला आनंद खरा होता. पण गल्ल्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला तो कधीच मिळाला नाही.

केनियाने १९६६ मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या. पुढे केन्याटा, आणि बँकेचे नाव स्वाहिलीतही: 'बांकी कूउ या केन्या'. गुजराती गेली. युगांडातून १९७२ साली आशियाईंना हाकलले आणि १९७३ च्या नोटांवर इदी अमीन आले. या दोन गोष्टी एका दोऱ्यात ओवून 'आधी अक्षर पुसले, मग माणूस' असे लिहिण्याचा मोह होतो. मी एका व्याख्यानात तसे बोललोही होतो. आज ते मागे घेतो. केनियाच्या नोटेवरून गुजराती जाणे हा अन्याय नव्हता; तिथल्या माणसाला आपला पैसा आपल्या भाषेत वाचता येणे, एवढीच ती गोष्ट होती. अमीनचा अन्याय वेगळा आहे आणि तो स्वतंत्रपणेच मोजावा लागतो.

लिपीवरून खरा कलह पाहायचा तर मॉरिशसकडे जावे. कोकणातून मुंबई बंदरामार्गे गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही आहेत, शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या नोटांवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी हा क्रम होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये नव्या मालिकेत हिंदी दुसरी झाली आणि तमिळ तिसरी. तमिळ समाजाने निषेध केला. आपले पूर्वज बेटावर आधी आले, असे त्यांचे म्हणणे होते. नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि १९९९ मध्ये जुन्या क्रमाने पुन्हा छापल्या. गंमत अशी की त्या मालिकेतली चित्रे फारच सावधपणे निवडलेली होती. पंचविसावर चिनी वंशाचे आ-च्युएन, शंभरावर तमिळ वंशाचे सिनिवासेन, दोनशेवर अब्दुल रझाक मोहम्मद, पाचशेवर सुखदेव बिसुनदयाल, हजारावर क्रिओल नेते गाएतान दुवाल, दोन हजारांवर रामगुलाम. चेहऱ्यांची एवढी वाटणी करूनही ठेच लागली ती दोन ओळींच्या वरखालीला. मराठी माणूस या वाटणीत कुठेच नाही. देवनागरी ओळ त्याला वाचता येते, पण ती त्याच्या भाषेची नाही.

आपल्या नोटेवर पंधरा भाषांची पट्टी आहे. तीत मराठी आठवी आहे, आणि त्याबद्दल कुणी रस्त्यावर उतरल्याचे मला आठवत नाही, कारण क्रम वर्णानुक्रमाने लावला आहे. फक्त ती वर्णमाला इंग्रजी आहे. असमियापासून उर्दूपर्यंत.

मी माझी वही पुन्हा लावली आहे. 'सिंह', 'हत्ती', 'धरणे' या खुणा काढून टाकल्या. मॉरिशसच्या १९९८ आणि १९९९ च्या शंभराच्या नोटा शेजारी शेजारी आहेत. घरी आलेल्यांना फरक सांगावा लागतो. दहा शिलिंगांच्या नोटेच्या घड्यांत मळ बसलेला आहे. प्रदर्शनातल्या एका विक्रेत्याने ती इस्त्री करून देतो म्हटले होते. मी नको म्हणालो.