‘फोकलोर’च्या आधी ‘अ’ लागत नाही

चूक माझीच होती, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत मी दशावताराचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि रील टाकलं. वर इंग्रजीत लिहिलं, ‘अ ब्यूटिफुल फोकलोर ऑफ कोकण’. व्ह्यूज बरे आले. दोन दिवसांनी त्या व्हिडिओत स्त्रीपार्ट करणारे काका वाटेत भेटले. पुतण्याच्या मोबाइलवर त्यांनी रील बघितलं होतं.

“फोकलोर म्हंजे काय गो?”

“लोकांची कला, काका.”

“लोकांची? मगे रातभर उभो कोण रवलो? माझां नाव खंय आसा? थंय फळ्यार तरी आसता.”

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन त्या एका शब्दाच्या मागे लागले.

आधी व्याकरण. इंग्रजीत ‘फोकलोर’ हे सहसा न मोजता येणारं नाम आहे. आपल्या ‘परंपरागत ज्ञान’सारखं. त्यामुळे ‘अ फोकलोर’ खटकतं आणि ‘मेनी फोकलोर्स’ही. एकच गोष्ट सांगायची असेल तर ‘अ फोकटेल’ म्हणावं, एखाद्या ठिकाणाशी किंवा माणसाशी जोडलेली, खरी म्हणून सांगितली जाणारी गोष्ट असेल तर ‘अ लेजंड’. आणि ‘फोकलोर’च हवं असेल तर ‘कोकणी फोकलोरमध्ये मुंज्या पिंपळावर राहतो’ अशा धाटणीचं वाक्य करावं. मुंज्या हे त्या साठ्यातलं एक पात्र, सगळा साठा नव्हे.

पण माझी चूक नुसत्या ‘अ’ची नव्हती. हा शब्द विल्यम जॉन थॉम्स या इंग्रज गृहस्थाने 1846 साली घडवला. ‘अथेनियम’ नावाच्या साप्ताहिकाला त्याने टोपणनावाने पत्र लिहिलं आणि तोवर चालणाऱ्या ‘पॉप्युलर अँटिक्विटीज’ या जड जोडीऐवजी ‘फोक-लोर’ सुचवला. त्याच्या यादीत चालीरीती होत्या, समजुती होत्या, म्हणी आणि लोकगीतंही होती. म्हणजे ‘लोककथा’ हा फोकलोरचा एक कोपरा झाला. मराठीत रुळलेला ‘लोकसाहित्य’ हा शब्दही ऐकताना पुस्तकी वाटतो, गाण्या-गोष्टींपुरताच. देवळात घातलेलं गाऱ्हाणं आणि त्यावर सगळ्यांनी मिळून म्हटलेलं ‘व्हय म्हाराजा’ ही धड गोष्ट नाही, गाणंही नाही. पण फोकलोर नक्कीच आहे.

दुसरी गफलत सिनेमावाल्यांमुळे होते. ‘तुंबाड’ (2018) मधला हस्तर हा ‘कोकणचं जुनं फोकलोर’ म्हणून समाजमाध्यमांवर फिरतो. हस्तर हा त्या सिनेमासाठी रचलेला देव आहे. सिनेमा मला आवडतो, रचना चांगलीच आहे, पण जुनेपणाचा शिक्का तिला उगाच मारला जातो. ‘मुंज्या’ (2024) ची गोष्ट वेगळी. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळाला धरून राहतो ही समजूत सिनेमाच्या कितीतरी आधीची. एकात कल्पना लेखकाची, दुसऱ्यात पाया लोकांचा. टेलर स्विफ्टच्या 2020 च्या अल्बमचं नावही ‘फोकलोर’च, आणि गाणी मात्र नाव-गाव असलेल्या गीतकारांची. शीर्षक म्हणून ते शोभतं. पण मूड आणि माल एकच समजायचं कारण नाही.

तिसरा वापर मला जास्त टोचतो: ‘इट्स जस्ट फोकलोर’, म्हणजे थाप. इंग्रजीत हा अर्थ आहे, नाही असं नाही. पण देवराईतलं लाकूड घरी न्यायचं नाही, ही आमच्याकडची समजूत फोकलोर आहे आणि तिच्यामुळे उभी राहिलेली झाडं खरीखुरी आहेत. एखादी गोष्ट फोकलोर आहे म्हटल्याने ती तोंडोतोंडी आणि वागण्यातून पुढे आली, एवढंच कळतं. खरी की खोटी हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

आता काकांचा प्रश्न. मुंबई सरकारच्या काळात 1915 साली कोकणच्या ‘फोकलोर नोट्स’ छापल्या गेल्या. सामग्री जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, हे तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांच्यावर 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. पुढे ती आर. ई. एन्थोवन यांनी संपादित केली. माहिती गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेली. तळटिपांत बहुतेक ठिकाणी काय दिसतं? ‘स्कूल मास्टर’, पुढे गावाचं नाव. साहेबांची नावं मुखपृष्ठावर, मास्तर नुसता पद म्हणून, आणि मास्तरला ज्या आजीने सांगितलं ती तर कुठेच नाही. मी रीलवर केलं ते याहून वेगळं नव्हतं. फोकलोर म्हटलं की सांगणाऱ्याचं नाव गळतं, आणि गळलं तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

खरं तर दशावतार हे याचं उलट उदाहरण. आख्यान पुराणातलं, सगळ्यांना ठाऊक. पण संवाद सहसा लिहिलेले नसतात. नट उभ्या उभ्या रचतो, समोरच्याचा शब्द झेलतो. मंडळं नावाने ओळखली जातात: पार्सेकर, वालावलकर, आजगावकर. आज राजा कोण, स्त्रीपार्टी कोण, हे बघून लोक जत्रेला जातात. परंपरा लोकांची, रात्र त्या नटाची. पिंगुळीच्या चित्रकथीचंही तसंच. ती ठाकर समाजाची कला आहे हे खरं, आणि 2021 ची पद्मश्री परशुराम गंगावणे या माणसाला मिळाली हेही खरं. दोन्ही वाक्यं एकत्र उभी राहू शकतात.

अमेरिकन अभ्यासक अ‍ॅलन डंडिस यांचं म्हणणं होतं की काही एक समान असलेला कुठलाही गट ‘फोक’ असतो. मग होस्टेलच्या बंद खोलीची भुताची गोष्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा काढा हेही फोकलोर, आणि आपणही फोक. हे पटलं की ‘फोक’ म्हणजे खेड्यातले, जुने, बिननावाचे कुणीतरी, ही समजूत गळून पडते.

रील मी काढून टाकलं नाही. ओळ बदलली. आता तिथे आधी काकांचं नाव आहे, मग मंडळाचं, मग आख्यानाचं, मग गावाचं. ‘फोकलोर’ हा शब्द शेवटी ठेवलाय, ‘अ’ न लावता.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “आता बरां आसा. पण हार्मोनियमवाल्याचां?”